टर्बो आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीचे ट्यूनिंग: कोणती सुविधा केव्हा चालू करावी

टर्बो पेट्रोल इंजिन आणि हाताने गिअर बदलण्याची गाडी असलेले अनेक जण ट्यूनरकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याकडे, जाताना लाँच कंट्रोल (थांबलेल्या गाडीत आरपीएम धरून जोरदार सुरुवात), नो-लिफ्ट शिफ्ट (ॲक्सिलरेटर न सोडता गिअर बदलणे) आणि सायलेन्सरचे फटाके (मुद्दाम काढलेले आवाज) अशी यादीच घेऊन जातात. सगळे ईसीयूच्या एकाच सॉफ्टवेअर फाइलमध्ये भरून घेतले जाते आणि पहिले काही आठवडे गाडी सुरेख धावते. मग क्लच घसरू लागतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, एखाद्या सिलिंडरमध्ये नॉकिंग (मिश्रण अवेळी, ठोके देत पेटणे) सुरू होते आणि दोष ट्यूनिंगवर येतो. माझ्या पाहण्यात यातील बहुतेक तक्रारींचे मूळ चुकलेल्या क्रमात असते. लाँच कंट्रोलसारख्या सुविधा म्हणजे ट्यूनिंगचा सर्वांत वरचा थर. त्याखाली इंधन, इग्निशन (ठिणगीची वेळ), बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), टॉर्कची मर्यादा आणि क्लच हे थर पक्के झालेले नसतील, तर वरचा थर खालच्या प्रत्येक दोषाला मोठा करतो.

हा लेख व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक, नेक्सॉन, फ्राँक्स, आय२० एन लाइन यांसारख्या गाड्यांच्या टर्बो पेट्रोल, मॅन्युअल प्रकारांसाठी आणि गोव्यात राहणाऱ्या मालकांसाठी लिहिला आहे. समुद्रसपाटीची दमट हवा, खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि तासाभरात लागणारा घाट या गोष्टींचा विचार दुसऱ्या शहरात तयार झालेल्या फाइलमध्ये केलेला असेलच असे नाही.

## टप्पा १: कायदा, विमा आणि वॉरंटी आधी पाहावी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार नियमाबाहेरील बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे काय बदलणार आहोत ते कागदावर लिहून आधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी हमखास आडवा येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी शिल्लक असेल, तर ती गेली असे समजूनच पुढचा निर्णय घ्यावा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये आणि त्यामागचा ऑक्सिजन सेन्सर सॉफ्टवेअरमधून बंद करून घेऊ नये. पीयूसीचा प्रश्न आहेच, शिवाय कन्व्हर्टर खराब होत असल्याची सूचना देणारा सेन्सर तोच असतो आणि पुढे त्याची गरज पडणार आहे.

## टप्पा २: गाडीची प्रकृती

ट्यूनिंगने दोष दुरुस्त होत नाही, तो अधिक दाबाखाली येतो. म्हणून फाइलवर पैसे खर्च करण्याआधी पुढील कामे याच क्रमाने करून घ्यावीत.

१. ओबीडी-२ (गाडीतील निदानाचे पोर्ट) स्कॅनर लावून साठलेले आणि प्रलंबित असे दोन्ही प्रकारचे फॉल्ट कोड वाचावेत. ते पुसून टाकू नयेत. आधी लिहून ठेवावेत, कारण निमूट पुसलेला मिसफायरचा (सिलिंडर नीट न पेटल्याचा) कोड पूर्ण बूस्टवर पुन्हा येतोच.

२. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर ट्यूनिंगचा विचार तिथेच थांबवून कारण शोधावे.

३. इनटेकच्या नळ्या, इंटरकूलरचे जोड आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह यांची धूर सोडून गळती तपासावी. लहानशा गळतीने हवा बाहेर जाते, ईसीयू ठरलेला बूस्ट गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरवतो, हवा अधिक तापते आणि मालकाला केवळ गाडी जरा सुस्त वाटते.

४. स्पार्क प्लग बदलावेत. बूस्ट वाढल्यावर ठिणगीला अधिक दाबातून उडी घ्यावी लागते, म्हणून प्लगमधील अंतर सामान्यतः थोडे कमी ठेवतात आणि काही इंजिनांत एक पायरी थंड प्लग लावतात. नेमके अंतर आणि प्लगचा क्रमांक ट्यूनरकडून लिहून घ्यावा.

५. इंजिन ऑइल बदलावे. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला एपीआय एसपी दर्जाचे, उत्पादकाच्या मान्यतेचे ऑइल घालावे. त्याचे कारण टप्पा ६ मध्ये येते.

६. क्लच तपासावा. त्याचा विचार स्वतंत्रपणे खाली केला आहे.

गोव्यात याला आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. किनारपट्टीवर उभ्या राहणाऱ्या गाडीत इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्ट्या, बॅटरीचे टर्मिनल आणि बूस्ट प्रेशर सेन्सरचे कनेक्टर यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. सेन्सरच्या वायरीत थोडा जरी विरोध वाढला, तरी ईसीयूला चुकीचा आकडा मिळतो. हे कनेक्टर काढून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून घ्यावेत. दुसरी गोष्ट तांबड्या धुळीची. डिचोली, सांगे, कुडचडे या खाण पट्ट्यात रोज ये-जा असेल, तर एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर भरतो. अशा गाडीला उघड्या तोंडाचा कोन फिल्टर लावण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही. तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो आणि पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणीही.

क्लचची तपासणी. मॅन्युअल गाडीत टॉर्कची खरी मर्यादा इंजिनाआधी क्लच ठरवतो. व्हर्टस किंवा स्लाव्हियाच्या १.० टीएसआय इंजिनाचा कंपनीने दिलेला टॉर्क १७८ न्यूटन-मीटर आहे आणि तिचा क्लच त्या टॉर्कवर काही राखीव ठेवून निवडलेला असतो. ही राखीव क्षमता प्लेट झिजेल तशी कमी होते. स्कॅनरवर आरपीएम आणि गाडीचा वेग एकत्र नोंदवावेत. एका गिअरमध्ये या दोहोंचे गुणोत्तर स्थिर असायला हवे. चढावर चौथ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या थोडे वरून ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वेगापेक्षा जलद वाढला, तर क्लच घसरत आहे. कानाला किंवा नाकाला कळण्याच्या बऱ्याच आधी हे लॉगमध्ये, म्हणजे स्कॅनरने केलेल्या नोंदीत, दिसते.

सावधान: मूळ फाइलवरच क्लच घसरत असेल, तर नवीन प्लेट आणि प्रेशर प्लेट बसवून किमान काही शे किलोमीटर शहरात सौम्यपणे चालवावे, मगच पुढे जावे. नव्या प्लेटवर पहिल्याच आठवड्यात लाँच कंट्रोल वापरले, तर तिच्यावर काचेसारखी चकाकी येते आणि ती पुन्हा नीट धरत नाही.

## टप्पा ३: इंधन एकदाच ठरवावे

पंपावर आता मिळणारे साधारण पेट्रोल ई२० आहे, म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधन यांचे आदर्श प्रमाण १४.७ असे धरतात, ई२० साठी ते १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन लागते. कमी भारावर ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. मात्र पूर्ण भारावर जुन्या गृहितकावर बनवलेला मॅप (इंधन, ठिणगी आणि बूस्ट यांचे फाइलमधील तक्ते) मिश्रण पातळ करू शकतो आणि उच्च दाबाच्या पंपाची, इंजेक्टरची शिल्लक क्षमताही कमी करतो. ट्यूनरने मॅप कोणत्या इंधनावर तपासला आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न ऑक्टेनचा. प्रीमियम पेट्रोल घालूनच मॅप बनवून घेतल्यास थोडी अधिक ताकद मिळते, परंतु काणकोणपासून पेडण्यापर्यंत आणि पुढे सावंतवाडी किंवा बेळगावला तेच पेट्रोल प्रत्येक वेळी मिळेल का, याचा प्रामाणिक विचार करावा. गोव्यातून बाहेर पडताना हद्दीआधी टाकी भरून घेण्याची आपली सवय असते, पण परतीच्या प्रवासाचे पेट्रोल बाहेरचेच असते. माझे मत असे आहे की पायाचा मॅप आपल्याला मिळू शकणाऱ्या सर्वांत साध्या पेट्रोलवर सुरक्षित असावा आणि प्रीमियमसाठीचा मॅप वेगळा, निवडून चालू करण्याजोगा असावा.

तपासणी: मूळ फाइलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात कायम किती कमी-जास्त करत आहे तो आकडा) पाहावा. तो अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर उत्तम. दहा टक्क्यांच्या पुढे असेल, तर गळती, सेन्सर किंवा इंजेक्टर यांपैकी कुठेतरी दोष आहे आणि तो आधी काढावा.

## टप्पा ४: ट्यूनिंगपूर्वीचा लॉग

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो आणि नंतर त्याचीच उणीव भासते. मूळ फाइलवर गाडी कशी वागत होती हे नोंदवलेले नसेल, तर नवीन फाइलने बिघडवले काय आणि आधीच बिघडलेले काय हे सांगता येत नाही.

पुढील गोष्टी एकाच लॉगमध्ये घ्याव्यात: आरपीएम, वेग, ॲक्सिलरेटरची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट, इग्निशन टायमिंग, प्रत्येक सिलिंडरसाठी नॉकिंगमुळे मागे घेतलेले (उशिरा केलेले) टायमिंगचे अंश, लॅम्डा (मिश्रण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे; १ पेक्षा कमी म्हणजे दाट), इनटेकमधील हवेचे तापमान, इंधनाचा रेल दाब, कूलंटचे तापमान. शेवटी क्लच आणि ब्रेक यांच्या स्विचची स्थितीही घ्यावी. ती बहुतेक जण विसरतात, पण मॅन्युअल गाडीच्या सगळ्या खास सुविधा या दोन स्विचांवर उभ्या असतात.

लॉग सकाळच्या गारव्यात एक आणि दुपारच्या उन्हात एक असा दोनदा घ्यावा. एप्रिल-मे महिन्यात पणजीच्या किंवा म्हापशाच्या रहदारीत अडकल्यावर इनटेकचे तापमान सहज वर जाते आणि ट्यूनरला खरी गरज या वाईट परिस्थितीतल्या नोंदीची असते.

सावधान: पूर्ण ॲक्सिलरेटरचा लॉग सार्वजनिक रस्त्यावर घेऊ नये. झुआरीचा पूल किंवा रात्रीचा महामार्ग मोकळा दिसला, तरी तो चाचणीची जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये शर्यतीबरोबर वेगचाचणीचाही समावेश आहे. पूर्ण भाराचे लॉग डायनोवर (गाडी जागेवरच धावती ठेवून ताकद मोजणारे यंत्र) किंवा बंदिस्त ट्रॅकवरच घ्यावेत. ट्रॅकसाठी कोइंबतूर किंवा चेन्नईची वाट धरावी लागते, पण डायनोवर काम भागते.

## टप्पा ५: मूळ फाइल जपून ठेवणे आणि नवीन फाइल घालणे

ईसीयूमधील मूळ फाइल वाचून तिची एक प्रत मालकाने स्वतःकडे ठेवावी. काही नव्या ईसीयूंमधून ओबीडी पोर्टद्वारे पूर्ण फाइल वाचता येत नाही. तिथे ट्यूनर सॉफ्टवेअर क्रमांकावरून जुळणारी मूळ फाइल आणतो किंवा ईसीयू काढून टेबलावर वाचतो. कोणती पद्धत वापरली, सॉफ्टवेअर क्रमांक कोणता होता आणि ईसीयू उघडला का, हे बिलावर लिहून घ्यावे.

फाइल घालताना बॅटरीला स्थिर वीजपुरवठा देणारा चार्जर जोडलेला असलाच पाहिजे. एसी, ब्लोअर, दिवे आणि म्युझिक सिस्टिम बंद असावेत. पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, म्हणून गॅरेजमध्ये चार्जरमागे इन्व्हर्टर आहे का ते पाहावे. अर्धवट लिहिलेला ईसीयू गाडी चालू होऊ देत नाही आणि तो पुन्हा उभा करण्यासाठी अनेकदा काढून न्यावा लागतो.

सेन्सरच्या वायरीत जोडायचा वेगळा डबा, ज्याला पिगीबॅक म्हणतात, तो स्वस्त आणि काढता येण्याजोगा असतो. तो ईसीयूला बूस्ट कमी आहे असे भासवून बूस्ट वाढवतो. या लेखातील मॅन्युअल गाडीच्या सुविधा साध्या पिगीबॅकने नीट मिळत नाहीत, कारण टॉर्कचा हिशेब ईसीयूच्या आतच राहतो.

## टप्पा ६: पायाचा मॅप

या टप्प्यात एकही खास सुविधा चालू करू नये. फक्त इंधन, टायमिंग, बूस्ट आणि टॉर्कच्या मर्यादा बसवाव्यात आणि त्यावर किमान दोन टाक्या पेट्रोल जाळावे.

खालच्या आरपीएमचा टॉर्क मर्यादित ठेवावा. मॅन्युअल गाडीत चालक सहाव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर असतानाही ॲक्सिलरेटर तळाशी दाबू शकतो. ऑटोमॅटिक गाडी अशा वेळी स्वतः गिअर खाली घेते, मॅन्युअल गाडीत तो निर्णय चालकाचा असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त भार एकत्र आले, की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकते. याला लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. अशा एखाद्या जोरदार घटनेतही पिस्टनची कड तुटू शकते आणि टायमिंग मागे घेऊन ती थांबवता येत नाही, कारण ठिणगी अजून पडलेलीच नसते. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त घटकांचा यात हात असल्याचे दिसून आल्यावर नव्या दर्जात त्याविरुद्धची चाचणी आली, म्हणून वर एपीआय एसपीचा आग्रह धरला आहे. ट्यूनरला स्पष्ट सांगावे की दोन हजार आरपीएमच्या खाली टॉर्कची चढण मूळ फाइलच्या जवळ राहू द्यावी. गाडी बुडातून उचलते ही प्रशंसा ऐकण्यासाठी इथे टॉर्क वाढवून घेणे हा लहान टर्बो इंजिनावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

गिअरनुसार टॉर्क. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाके फिरतात आणि पहिल्या पावसानंतरच्या तेलकट रस्त्यावर तर अधिकच. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये चाके फिरत नाहीत, तिथे सगळा भार क्लचवर येतो. म्हणून पहिल्या दोन गिअरांत चाकांच्या पकडीप्रमाणे आणि शेवटच्या दोन गिअरांत क्लचच्या क्षमतेप्रमाणे मर्यादा ठेवावी. पूर्ण टॉर्क तिसऱ्या आणि चौथ्या गिअरसाठी. ईसीयू गिअर ओळखतो तो बहुतेक वेळा आरपीएम आणि वेगाच्या गुणोत्तरावरून, त्यामुळे टायरचा आकार बदललेला असेल तर ट्यूनरला सांगावे.

घाटाचा हिशेब. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. चोर्ला घाटातून आठशे मीटरच्या आसपास पोहोचल्यावर तो ९२० च्या जवळपास येतो. मॅपने इनटेकमध्ये २००० मिलिबार एवढा निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून एकूण) मागितला, तर टर्बोला म्हापशात हवा सुमारे १.९७ पट दाबावी लागते आणि घाटमाथ्यावर सुमारे २.१७ पट. दाब तेवढाच, पण टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि बाहेर येणारी हवा अधिक गरम असते. म्हणून हवेचा दाब कमी होईल तसा बूस्ट उतरवणारी मर्यादा मॅपमध्ये मूळ स्वरूपात जिवंत आहे ना, हे विचारावे. घाईत बनवलेल्या फाइलमध्ये ती निष्प्रभ केलेली आढळते.

लॉगमध्ये काय पाहावे. मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट यांत उसळी नसावी. पूर्ण भारावर लॅम्डा बहुतेक ट्यूनर ०.८० ते ०.९० दरम्यान ठेवतात. तो आरपीएम वाढताना एकाएकी पातळ होत असेल, तर इंधनाचा रेल दाब पडतो आहे का ते बघावे. नॉकिंगमुळे अधूनमधून एखाद-दोन अंश मागे घेतले जाणे स्वाभाविक आहे. एकाच सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी तीन-चार अंश जात असतील, तर फाइल परत पाठवावी.

## टप्पा ७: डायनो कुठला, हवा कुठली

गोव्यातील अनेक मालक डायनोसाठी बेंगळुरू किंवा पुण्याला जातात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे, पुणे सुमारे साडेपाचशे. बेंगळुरूच्या हवेत बसवलेली गाडी घाट उतरून मडगावला आली, की सभोवतालचा दाब सुमारे शंभर मिलिबारने वाढतो. मॅप निरपेक्ष दाबावर चालत असेल तर टर्बोला उलट आराम मिळतो. मात्र वेस्टगेट (टर्बोचा बूस्ट आवरणारी झडप) ठरावीक टक्क्यांवर बांधून ठेवले असेल, तर सिलिंडरमध्ये अधिक हवा जाते आणि तिकडे शांत असलेले इंजिन इकडे नॉक करू लागते.

हवेतील बाष्पाचाही परिणाम होतो. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना हवेच्या एकूण दाबातील सुमारे चार टक्के वाटा बाष्पाचा असतो आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. ताकद थोडी कमी भासते म्हणून बूस्ट वाढवून मागू नये. बाष्प नॉकिंगला किंचित आवर घालते, त्यामुळे पावसाळ्यात निर्दोष दिसलेला लॉग मार्चच्या कोरड्या, तापलेल्या दुपारी तसाच येईल असे गृहीत धरू नये.

डायनोचा कागद घेताना दुरुस्ती गुणक लावलेला आहे का ते विचारावे. उंचीसाठीचा गुणक टर्बो नसलेल्या, नैसर्गिक श्वासाच्या इंजिनांसाठी योग्य ठरतो. बूस्ट स्वतःच राखणाऱ्या टर्बो इंजिनाला तो लावला, की कागदावरची ताकद वाढते, चाकांवरची नाही.

तपासणी: बाहेरून ट्यूनिंग करून आल्यावर गोव्यातील हवेत टप्पा ४ मधील सर्व नोंदींचा लॉग पुन्हा घ्यावा आणि ट्यूनरला पाठवावा. ही सुधारित फाइल मूळ दरात समाविष्ट आहे का, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

## टप्पा ८: मॅन्युअल गाडीच्या सुविधा, एकेक करून

पायाचा मॅप स्वच्छ आल्यावरच इथे यावे. प्रत्येक ईसीयूवर प्रत्येक सुविधा शक्य नसते आणि ज्याच्या तर्कात ती मुळात नाही त्यात ती घुसवण्यापेक्षा सोडून देणे बरे. एका वेळी एकच सुविधा चालू करावी, तिचा लॉग घ्यावा, मग दुसरी.

पहिली: ॲक्सिलरेटरचा नकाशा आणि रेंगाळणारा आरपीएम. क्लच दाबल्यावर आरपीएम वरच रेंगाळतो ही आधुनिक मॅन्युअल गाड्यांची जुनी तक्रार आहे. प्रदूषण कमी राहावे म्हणून थ्रॉटल हळू मिटवला जातो. तो थोडा लवकर मिटवला की गिअर बदलणे नितळ होते आणि क्लचही कमी झिजतो. रोजच्या वापरात सर्वाधिक समाधान देणारी सुविधा हीच आहे, तरी ती कोणी मागत नाही. ॲक्सिलरेटरच्या पहिल्या काही अंशांतच सगळी ताकद आणून ठेवणारा नकाशा मात्र नाकारावा. गाडी चपळ भासते, पण रहदारीत क्लचवर नियंत्रण राहत नाही.

दुसरी: गिअर खाली घेताना आरपीएम जुळवणे. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना चौथ्यातून तिसऱ्यात येताना ईसीयूने स्वतः आरपीएम उचलून दिला, तर पुढच्या चाकांना झटका बसत नाही. यासाठी क्लचचा स्विच आणि गिअरची स्थिती कळवणारा सेन्सर लागतो. केवळ न्यूट्रल कळवणारा सेन्सर असेल, तर पुढे कोणता गिअर येणार हे ईसीयूला अंदाजानेच ठरवावे लागते आणि तो अंदाज अधूनमधून चुकतो.

तिसरी: नो-लिफ्ट शिफ्ट. ॲक्सिलरेटर न सोडता क्लच दाबून गिअर बदलला की ईसीयू क्षणभर इंधन किंवा ठिणगी तोडतो, आरपीएम ठरलेल्या मर्यादेत ठेवतो आणि टर्बो फिरता राहतो. इथे सगळे यश क्लचच्या स्विचवर असते. बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलला दोन स्विच असतात: एक पेडल थोडे हलताच क्रूझ कंट्रोल बंद करणारा, दुसरा पेडल तळाशी गेल्यावर इंजिन चालू होऊ देणारा. वरच्या स्विचवर ही सुविधा बांधली, तर प्लेट सुटण्याआधीच ताकद तुटते आणि गाडी हिसका देते. तळाच्या स्विचवर बांधली, तर प्लेट सुटल्यावर आरपीएम उसळतो. लॉगमध्ये स्विचचा बदल आणि आरपीएमचा बदल शेजारी ठेवून वेळ जुळवावी.

ती चालू होण्याच्या अटी कडक असाव्यात: ॲक्सिलरेटर जवळपास पूर्ण, आरपीएम चार हजारांच्या वर, ऑइल तापलेले आणि तोडण्याचा कालावधी अर्ध्या सेकंदाच्या आत. अटी सैल असल्या, तर मडगावच्या बाजारात घाईने गिअर बदलतानाही इंजिन अडखळते.

सावधान: तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात चुकून दुसऱ्यात गेला, तर इंजिन चाकांकडून ढकलले जाते. तिथे कोणताही आरपीएम लिमिटर वाचवू शकत नाही. गिअर लिव्हरचे बुश सैल असतील, तर ते आधी बदलावेत.

चौथी: लाँच कंट्रोल. गाडी थांबलेली, क्लच दाबलेला आणि ॲक्सिलरेटर तळाशी असताना आरपीएम ठरलेल्या जागी धरून बूस्ट तयार करणे, एवढेच तिचे काम. पुढची चाके चालणाऱ्या गाडीत सुरुवात तीन हजार आरपीएमच्या आत करावी. त्याहून वर गेल्यास केवळ टायर आणि क्लच जळतात. बूस्ट तयार करण्यासाठी टायमिंग बरेच मागे घेतले जाते, त्यामुळे ज्वलन एक्झॉस्टमध्ये लांबते आणि टर्बोआधीचे तापमान काही सेकंदांत झपाट्याने चढते. अनेक पेट्रोल टर्बोंसाठी ९५० अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा धरली जाते. म्हणून धरून ठेवण्याचा काळ तीन सेकंदांपुरता बांधून घ्यावा आणि दोन प्रयत्नांमध्ये काही मिनिटे गाडी सामान्यपणे चालवावी. आरपीएम रोखण्यासाठी ठिणगी तोडली, तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. इंधन तोडणे हा कमी हानीचा मार्ग आहे.

सिग्नलवर ही सुविधा कुणाच्या हाती लागू नये, म्हणून ती क्रूझ कंट्रोलच्या बटणाने मुद्दाम चालू केल्याशिवाय जागी होणार नाही अशी बांधून घ्यावी. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करूनच चालेल अशी फाइल मिळत असेल, तर ती घेऊ नये.

पाचवी: मॅप बदलणे. सौम्य, साधे पेट्रोल आणि प्रीमियम असे तीन मॅप पुरेसे आहेत. इंजिन प्रत्येक वेळी चालू होताना सौम्य मॅपवरच आले पाहिजे. गाडी घरातील दुसऱ्या कोणी नेली, तर त्यांना काही माहीत असण्याची गरज पडू नये.

सायलेन्सरच्या फटाक्यांची सुविधा मी या क्रमात घेतलेली नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मुद्दाम इंधन सोडून टायमिंग मागे नेले की आवाज येतो, त्याच वेळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळण्याच्या दिशेने जातो आणि टर्बोची पाती अनावश्यक तापतात. त्यातून गाडी जलद होत नाही. रात्री आगशी किंवा बाणावलीच्या अरुंद रस्त्यांवर लोक झोपलेले असतात, हेही कारण माझ्यासाठी पुरेसे आहे.

## टप्पा ९: नंतरची निगा

ऑइल कंपनीच्या अंतरापेक्षा लवकर, साधारण निम्म्या अंतरावर बदलावे. स्पार्क प्लग दर सर्व्हिसला काढून पाहावेत. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये, शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवले तरी टर्बो निवतो. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि रिकाम्या टाकीत तो अधिक साचतो.

लॉग वर्षातून दोनदा घ्यावा, एप्रिलमध्ये आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. आरपीएम आणि वेगाचे गुणोत्तर, प्रत्येक सिलिंडरचे मागे घेतलेले टायमिंग आणि फ्युएल ट्रिम यांची आधीच्या नोंदीशी तुलना करावी. क्लचची झीज आणि इंजेक्टरचा बिघाड यांची पहिली चाहूल तिथेच लागते.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना सॉफ्टवेअर अपडेट करू नये असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे. तिथल्या अपडेटने ट्यून केलेली फाइल पुसली जाते आणि मॅप बदलण्याची बटणे निकामी होतात. गाडी परत मिळाल्यावर सॉफ्टवेअर क्रमांक टप्पा ५ मध्ये नोंदवलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो बदललेला असेल, तर जुनी ट्यून फाइल पुन्हा घालून घेऊ नये, कारण ती जुन्या सॉफ्टवेअरसाठी बनलेली असते. ट्यूनरकडून नव्या क्रमांकासाठीची फाइल मागवावी आणि पायाच्या मॅपपासून लॉग पुन्हा घ्यावा.